मामांचा पांढरा कांदा

आमच्या हिच्या रोह्याच्या मामांनी मला जेवढे धक्के दिले, तेवढे विजेच्या उघड्या तारेनंही कुणाला दिले नसतील, आणि त्यातला एकूण एक धक्का कांद्यापायी दिला. माणूस तसा साधा. नागोठण्याला कंपनीत शिफ्ट करून निवृत्त झालेला, बायको फार लवकर गेलेली, घरात शालू नावाची एकुलती एक मुलगी आणि घरामागे परसात पांढऱ्या कांद्याचे वाफे. "मामा, कसं काय, सगळे बरे?" असं विचारलं की आधी वाफ्यांची खुशाली कळे, मग शालूची. स्वतःच्या गुडघ्यांबद्दल ते कधी बोललेच नाहीत, आणि ते गुडघे तर वाफ्यात बसून बसून पार कामातून गेले होते.

लग्नानंतर मी पहिल्यांदा त्यांच्याकडे जेवायला गेलो, तेव्हा नव्या जावयासाठी दुपारी गादी घातली, तिच्यावर ठेवणीतली चादर आली. डोळा लागतो न लागतो तोच माझ्या अंगाखालून ती चादर कुणीतरी खसकन ओढली आणि मी जमिनीवर. बघतो तर मामा! "जावईबापू, उठा उठा, आभाळ आलंय, कांदा भिजंल!" अंगणात उपटून ठेवलेल्या कांद्यावर चादर गेली, ती पुरेना म्हणून दांडीवरचा माझा मानाचा नवा सदरा गेला, आणि अवकाळीच्या सरीत मी बनियनवर आ वासून उभा. शालू बिचारी लाजेनं अर्धी झाली. "बाबा, भाऊजी भिजताहेत!" यावर मामा शांतपणे म्हणाले, "माणूस भिजला तर वाळतो गो. कांदा भिजला की सडतो."

पुढच्या उन्हाळ्यात आम्ही गेलो तेव्हा बाहेरच्या खोलीतला पंखा गायब. लोकांच्या घरी रंगीत टीव्ही येत होते त्या दिवसांत ह्या गृहस्थांनी होता तो पंखा काढून पलंगाखाली टाकला होता, कारण आढ्याला मजबूत हूक तेवढा एकच आणि त्यावर कांद्याच्या माळा लटकवायच्या होत्या. शालू पातीला पात गुंफून अशी सुरेख माळ विणायची की बाजारातल्या बायका हातात घेऊन बघत राहायच्या. वैशाखाचा घाम पुसत आम्ही त्या माळांखाली बसलो. मी दबक्या आवाजात उकाड्याचा विषय काढला, तर मामांनी एक माळ किंचित बाजूला सरकवली आणि म्हणाले, "आता बघा, वारा येतो का नाय."

पण ह्या सगळ्यावर ताण करणारा एक नियम त्यांच्या घरात होता. कांदा तयार झाला की पातीची मान मऊ पडते आणि पात आपोआप जमिनीवर लोळते. माना पडल्याशिवाय वाफ्यातला कांदा उपटायचा नाही, आणि बाजारातला कांदा उंबऱ्याच्या आत आणायचा नाही. त्यामुळे जुन्या माळा संपल्या की नवे कांदे निघेपर्यंत घराला कांद्याचा उपास. एरवी आम्ही हसून सोडून द्यायचो. पण नेमक्या त्याच दिवसांत, माघात, शालूला बघायला पेणची मंडळी आली.

आधीची स्थळं कुठे ना कुठे अडली होती, आणि आईविना वाढलेली पोर म्हणून आम्हा सगळ्यांचाच जीव टांगणीला लागला होता. आमच्या हिनं मामांच्या विनवण्या केल्या, "मामा, पोह्यांपुरते दोनच उपटा हो." मामांचं एकच, "माना पडल्या नाय अजून." शेवटी ज्या घरामागे हिरवीगार पात डोलत होती, त्या घरातून पाहुण्यांपुढे बिनकांद्याचे पोहे आले. मुलाच्या आईनं एक घास घेतला आणि थांबल्या. "तुम्ही माळकरी काय?" "नाय ओ, खातो ना आम्ही," मामा म्हणाले. मुलाचे वडील हसत उठले, "मग परसात तर ढीगभर दिसतोय, आणतो मीच एक," म्हणत मागच्या दारी गेले आणि त्यांनी पातीला हात घातला मात्र, मामा कडाडले, "हात लावू नका!"

मुलाच्या आईनं बशी खाली ठेवली आणि पदर सावरला. ही माझ्याकडे बघतेय, मी जमिनीकडे बघतोय, झालं, हेही स्थळ गेलं. आणि तेवढ्यात खाली मान घालून पाटावर बसलेली शालू उठून सरळ वडिलांशेजारी जाऊन उभी राहिली. "बाबा बरोबर बोलले. कोवळा कांदा फुकट जातो. माना पडल्या की तुम्ही परत या, मी कांदा घालून पोहे करते." बघायला आलेल्यांना मुलीनंच फिरून बोलावलेलं आमच्या नात्यात कुणी ऐकलं नव्हतं! माझ्या हातातला कप कलंडला. तोवर तोंडातून अक्षर न काढलेला तो मुलगा मात्र तेव्हा पहिल्यांदा बोलला, "कधी पडतील माना?"

होळी झाल्यावर ती मंडळी खरोखर आली, पोहे दोनदा मागून घेतले आणि वैशाखात शालू पेणला गेली.

पुढच्या माघात मी रोह्याला गेलो, त्याच दिवशी ती सकाळी आली होती आणि परतीच्या गाडीनं निघायची होती. दिवस गेलेले, चेहरा उतरलेला, आणि ह्या एका खेपेनंतर बाळंतपण होईपर्यंत प्रवास नको असं डॉक्टरांनी सांगितलेलं. पेणला सासूबाई जिवापाड जपत होत्या, पण इथे तिला धड दोन तासही बसता आलं नाही. ती पिशवी भरत असताना मामा कुठे दिसेनात म्हणून मी परसात गेलो, आणि जागीच खिळलो. पात ताठ उभी होती, एकही मान पडली नव्हती, आणि मामा वाफ्यात गुडघ्यांवर बसून भराभरा कांदे उपटत होते. अर्धा वाफा उघडा पडला होता.

"मामा, अहो हे काय! माना कुठे पडल्यात अजून?" मी ओरडलोच.

त्यांनी वर पाहिलं नाही. कांद्यांची माती अंगठ्यानं पुसत म्हणाले, "ठावं हाय मला. पण ती कुठं तोवर थांबतेय."