रिपोर्टातला बेटा

मंगळवारी बाबांच्या लघवीचा रिपोर्ट आला आणि डॉक्टरांनी इंजेक्शन बदललं.

बाबा जालन्याच्या दवाखान्यात होते. ताप उतरत नव्हता, कारण आधीचं औषध जंतूंवर चालत नव्हतं. का, ते मी वाचून काढलं. काळजी वाटली की मी पुस्तक उघडते, दुसरं काही जमत नाही. पेनिसिलिनच्या जातीतल्या औषधांच्या रेणूत एक चौकोनी कडी असते, सगळा जोर तिच्यात. काही जंतू एक विकर, म्हणजे एन्झाइम, तयार करतात, ते पाण्याच्या मदतीनं ती कडी फोडतं. मग औषध रक्तात नुसतं हिंडतं. विकराचं नाव बीटा-लॅक्टमेज.

हे मी बाबांना सांगत होते, तेवढ्यात धावड्याहून आत्या आली. तिला त्या नावातला पहिला शब्द तेवढा ऐकू आला. मी एकुलती मुलगी, आणि भावाला बेटा न्हाई हे आत्याचं माझ्या जन्मापासूनचं दुःख.

"कुणाचा बेटा?"

तापातही बाबांनी संधी सोडली नाही. "माझाच, अक्का. रिपोर्टात निघाला."

"मंग कुठंय? काय करून राह्यला?"

"पोटात बसून बापाचं औषध फोडून राह्यला."

मी आत्याला विकर म्हणजे काय ते समजावलं, तिनं मान डोलावली, आणि संध्याकाळपर्यंत जुन्या जालन्यातल्या आमच्या गल्लीत बेट्याची बातमी पोचली. शेजारच्या काकू पपई घेऊन दवाखान्यात आल्या आणि खोलीभर नजर फिरवू लागल्या. बाबा त्यांना म्हणाले, आत्ताच चहाला गेला, बसा. त्या बराच वेळ बसल्या.

नव्या इंजेक्शनची कडी विकराला फुटली नाही. ताप उतरला. बाबांनी घरच्या वरणाची फर्माईश केली. शुक्रवारी पहाटे त्यांचं हृदय थांबलं. जंतू हरले होते, असं डॉक्टर म्हणाले.

स्मशानात अग्नी कोण देणार, यावर कुजबुज सुरू झाली. चुलतभावाला पुढे करायचं ठरत होतं. आत्यानं त्याचा दंड धरून त्याला मागे ओढलं.

"बेट्यानं काय दिवे लावले ते बघितलं म्या. हीच देईल."

अग्नी मी दिला.

आत्या अजून धावड्याला परतलेली नाही. घरात आता आम्ही दोघी असतो.