सांजेला पाणी सोडतो
परवा फाटकाच्या बिजागरीला ग्रीस लावलं आणि त्या वासाने बाबा आठवले. इटियाडोह धरणाच्या कालव्यावर गेट उघडण्या-लावण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावरही ते ग्रीसचा डबा घेऊन रोज सकाळी तिथेच जायचे. गेटला कुलूप नवीन, किल्ली नव्या माणसाकडे. तरी बाबा हाताला लागेल त्या नटाला ग्रीस चोपडत बसायचे. एका रविवारी मी त्यांना जेवायला बोलवायला गेले, तर कालव्याच्या पार शेवटच्या टोकाचा एक शेतकरी त्यांच्यासमोर उभा. "धान गर्भात आहे जी, वाळून राहिलं. पाणी कवा सोडता?" बाबा निवृत्त झाल्याचं त्याला ठाऊक नव्हतं. बाबांनी कपाळाला आठ्या घातल्या, अगदी पूर्वीसारख्या. म्हणाले, "सांजेला सोडतो. पाट साफ करून ठेव." मी त्यांना जेवायला घरी घेऊन आले. दुसऱ्या दिवशी तो माणूस आमच्या दारात आला. आदल्या दिवशी अंधार पडेपर्यंत तो बांधावर फावडं घेऊन बसला होता; मग नव्या माणसाकडून त्याला खरं कळलं. "तुमच्या हाती नव्हतं तं सांगाचं होतं ना जी. खोटं काऊन बोलले?" बाबांनी डबा खाटेखाली सरकवला. त्यानंतर ते कालव्यावर गेले नाहीत, कुठेच गेले नाहीत. त्या खोट्यासाठी त्यांचा राग मी बरीच वर्षं धरून होते. गेल्या महिन्यात मी मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाले. काल बाजारात एक बाई म्हणाली, "मॅडम, पोरीचा दाखला पाहिजे होता जी." मी म्हटलं, "उद्या शाळेत ये. देते."