मीठ वाचा

औषधाचं कुठलंही खोकं हातात आलं की अप्पा आधी त्याच्या नावावर अंगठा ठेवत. "नाव झाका, सर. मीठ वाचा."

मीठ म्हणजे नावाखाली मुंगीच्या अक्षरांत छापलेला मूळ घटक. औषधवाले त्याला सॉल्ट म्हणतात. अप्पांनी त्याचं मराठी करून टाकलं होतं, आणि मराठीच्या कुठल्याही प्राध्यापकापेक्षा ते बरं केलं होतं.

अप्पा मूळचे उदगीरकडचे. लातुरात आमच्या गल्लीच्या तोंडाशी त्यांचं मेडिकल. कपाळाला विभूती, खिशाला कात्री. डॉक्टरांनी भारी नाव लिहिलं असलं की अप्पा फोनवर त्यांना विचारून त्याच मिठाची स्वस्त गोळी काढत. स्वस्ताचा गुण येईल का, अशी शंका कुणी काढलीच, तर म्हणत, "साखरेला किंमत वाचता येत न्हाई."

माझ्या बायकोची साखर जुनी. आठवड्याला एकदा घ्यायचं ते इंजेक्शन डॉक्टरांनी तिला पूर्वी एकदा लिहून दिलं होतं; मग आमच्या चपलांकडे पाहून स्वतःच खोडलं. पुढे त्याच मिठाची स्वस्त पेनं निघाली; पेन म्हणजे पेनासारखं इंजेक्शन, एकात महिन्याचे चार डोस. ही बातमी सांगायला अप्पा दुकान उघडं टाकून घरी आले. दर महिन्याचं पेन ते फ्रिजमध्ये बाजूला ठेवत. कप्प्यावर चिठ्ठी, 'अक्कांचं'. अक्का म्हणजे माझी बायको. तिसऱ्या महिन्यात ती पापड वाळवायला एकटी गच्चीवर चढली. बऱ्याच वर्षांनी.

मग गावाला शोध लागला की याने पोटही उतरतं. लग्नसराई होती. नवऱ्यामुली, त्यांच्या आया, कधी नव्हे ते व्याहीसुद्धा अप्पांच्या दारात. पेनं येण्याआधीच संपू लागली. नांदेडच्या मेव्हण्याला विचारलं, तर तिथेही तेच.

आपलं ठेवलेलं आहे म्हणून मी निर्धास्त गेलो. अप्पांनी फ्रिज उघडला. कप्प्यावर चिठ्ठी होती. पेन नव्हतं.

अप्पांना खोटं बोलता येत नसे. आमच्या वॉर्डातले भावी नगरसेवक आले होते. चौकातल्या त्यांच्या फ्लेक्सला पोटापायी एक बांबू जास्त लागतो, ते.

"स्वतः उतरले, सर. गाडी दारात उभी. न्हाई कसं म्हनू?"

"त्यांना साखर आहे?"

"न्हाई. मिरवणूक हाय."

मी म्हणालो, "अप्पा, जन्मभर आम्हाला मीठ वाचायला लावलंत. आणि तुम्ही नाव वाचलंत."

ते चिठ्ठीचा सुटलेला कोपरा अंगठ्याने दाबत राहिले.

बायकोची साखर पुन्हा वर गेली. पापडाचं डबडं गच्चीवरून मीच खाली आणलं.

तीन आठवड्यांनी अप्पा घरी आले. हातात दुधाची किटली. आत बर्फ, आणि बर्फाला लागू नये म्हणून टॉवेलात गुंडाळलेलं पेन. कुठून आणलं कोण जाणे. मी दाराआड उभा होतो.

"सर हाईत का, अक्का?"

"झोपलेत," बायको म्हणाली.

अप्पांना दाराखालून माझे पाय दिसत असावेत. "झोपू द्या," म्हणाले, आणि किटली तिथेच ठेवून गेले.

बायकोने पेन घेतलं आणि मला एवढंच म्हणाली, "इंजेक्शन माझं चुकलं. रुसलात तुम्ही." पुढची पेनं तीच आणायची. मी त्या रस्त्याने जायचं सोडलं. अप्पा वारले तेव्हा मात्र गेलो. तोवर बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं.

आता त्या मिठाची किती नावं निघाली आहेत, विचारू नका. परवा चौकातल्या काचेच्या नव्या दुकानात गेलो. विक्रेत्याने खोकं पुढे केलं. माझा अंगठा आपोआप नावावर गेला.

"काय बघून राहिलात, काका?"

"मीठ."

त्याने मान वर न करता रस्त्यापलीकडे बोट दाखवलं. "ते समोर किराण्यात."