पाटावरचा मोर

कपाट आवरताना रेशमावर रंगवायच्या रंगाची जुनी बाटली सापडली. झाकण उघडताच तो उग्र वास आला आणि मी थेट नरडाण्याला, बहिणीच्या लग्नाच्या मांडवात पोहोचलो.

साड्यांवर चढवायचा तो रंग मी हौसेने नवरदेवाच्या लाकडी पाटावर चढवला होता. चांगला ऐसपैस जांभळा मोर. वॉर्निशने रंग मरतो म्हणून तेही लावलं नव्हतं. कलावंत ना मी!

पांढरंशुभ्र धोतर नेसलेला नवरदेव त्या मोरावर बसला. होमाची धग, उन्हाळ्याचा घाम, त्यात भटजी पळीपळीने पाणी सांडत होते. पाटाच्या कडेने जांभळा ओघळ निघाला. नवरदेवाचे मामा मानपानावरून सकाळीच रुसले होते. हे दिसलं असतं तर वऱ्हाड न जेवताच उठलं असतं.

मी बहिणीच्या कानाशी वाकलो. "रंग सुटतोय गं! रेशमावर तर पक्का बसतो."

"पाट काय रेशमाचा शे का, दादा?" ती दातओठ खात पुटपुटली.

सप्तपदीला नवरदेव उठला. धोतरावर अख्खा मोर, पिसाऱ्यासकट! बहीण त्याला अगदी चिकटून मागे चालू लागली.

"आतेपासूनच नवरानी पाठ सोडत नही वं माय!" एक म्हातारी बहिणीकडे बोट दाखवून ओरडली. मामासुद्धा हसले.

तेव्हा मला सुटल्यासारखं वाटलं. आता दिसतं ते एवढंच, की सगळा मांडव तिला हसत होता आणि ती लाजल्याचं सोंग करून माझा मोर झाकत होती.