मान टाकलेल्या कोंबड्या

मावशीला गल्लीतले सगळेच मावशी म्हणायचे, कारण इस्पितळात ती जन्मभर मावशीच होती. वॉर्डातल्या मावशीचं काम काय असतं, ते ज्याचं कुणी कधी तिथे पडलं आहे त्याला सांगायला नको. भांडी उचलायची, भरलेल्या चादरी ओढून काढायच्या, ओकाऱ्या पुसायच्या. नव्याने लागलेल्या पोरी नाक दाबून उभ्या राहिल्या की ती म्हणायची, "अगं, घाण हाताला लागते आणि साबणाने जाते. तोंड वेंगाडून कुणाची कधी गेलीय?"

नोकरीतून निवृत्त झाल्यावर तिने कोंबड्या पाळल्या. घरामागे बेताचंच परस होतं. एका अंगाला खुराडं, दुसऱ्या अंगाला न्हाणीघर. न्हाणीघराची पाठ आणि कुंपणाची भिंत यांच्यामध्ये माणूस तिरका होऊन शिरेल एवढी फट होती, तिच्यात फुटकं पिंप, गंजके पत्रे असली अडगळ साठलेली. कोंबड्या नऊ होत्या. कोंबडा नव्हता. कुणी विचारलं तर मावशी म्हणायची, "आयतं खाऊन मिरवणारा एक आहे की घरात!"

तो म्हणजे तिचा थोरला भाऊ. वहिनी गेल्यावर दादा चार दिवस म्हणून बहिणीकडे आला आणि ते चार दिवस काही सरेनात. राहणी मात्र झकपक. कडक इस्त्रीचा सदरा, मानेवर पावडर, खिशात घडीचा रुमाल. त्याच्या कपाटात कपड्यांपेक्षा डांबरगोळ्याच जास्त, त्यामुळे तो नुसता शेजारून गेला तरी कुणीतरी जुनी ट्रंक उघडल्यासारखं वाटायचं. मावशी खुराडं खरवडायला बसली की हा दारातून, पायरीच्या खाली पाऊल न टाकता सांगायचा, "शी! हात नीट धू हं." मावशी ऐकून सोडून द्यायची. अंडी मात्र त्याला रोज दोन लागायची.

एकदा मावशी न्हाणीत घसरली आणि उजव्या मनगटाचं हाड मोडलं. हात कोपरापर्यंत प्लास्टरमध्ये. त्याच दिवसांत सगळ्यांत म्हातारी, ठिपकेवाली कोंबडी अंडं अडकून मेली. एका हाताने कुदळ कशी चालणार? मावशीने मेलेली कोंबडी पिशवीत घातली आणि दादाला म्हणाली, "दादा, एवढं एक कर. मागच्या कोपऱ्यात खोल खड्डा घे आणि पूर. वरवर नको."

दादाने दोन बोटांच्या चिमटीत पिशवी धरली आणि मागे गेला. बऱ्याच वेळाने आला, अंघोळ केली, चहा मागितला. "कमरेएवढा खणला," म्हणाला. "वर दगडही ठेवलाय. गेली बिचारी मातीत." मावशीला बरं वाटलं. या माणसाने आयुष्यात पहिल्यांदा कुदळ हातात धरली म्हणून तिने त्याला चहाबरोबर दोन बिस्किटं जास्त दिली.

पुढे काही दिवसांनी, सकाळी तिने खुराड्याचं दार उघडलं तर नेहमीसारखी झुंबड बाहेर आली नाही. दोघी-तिघी लटपटत निघाल्या आणि चार पावलांवर बसल्या. बाकीच्या आतच. तांबडी कोंबडी स्वतःच्या विष्ठेत मान टाकून पडली होती. मेली नव्हती. डोळा अर्धा मिटलेला, श्वास चालू, पण मान पिळून टाकलेल्या फडक्यासारखी जमिनीवर. मावशीने डाव्या हाताने ती उचलून धरली आणि सोडली, तर पुन्हा लोळली. पंख धरून उचलायला गेली तेव्हा पिसांचा झुबका ओल्या कागदासारखा मुठीत आला. खुराड्यातून हिरवट, आंबूस भपकारा येत होता. दुपारपर्यंत तांबडी गेली आणि आणखी तिघींच्या माना लुळ्या पडल्या.

आता ही काय साथ? पण नाकातोंडातून पाणी नव्हतं, घरघर नव्हती, तुरा काळा पडला नव्हता. मावशीने दाण्याच्या पोत्यात हात घातला, हुंगलं, दोन दाणे चावून बघितले. कुबट नव्हते. पाण्याचं भांडं घासलं, पाणी बदललं. मग तिची नजर कुंपणापलीकडे गेली. तिकडे रंगारी राहायचा. घरं रंगवायचा आणि संध्याकाळी भिंतीजवळ बसून थिनरमध्ये ब्रश धुवायचा.

"अरे ए!" मावशीने भिंतीवरून आवाज दिला. "कुठे ओततोस ते तुझं विषारी पाणी? माझ्या कोंबड्या मरायला लागल्यात."

रंगारी डब्याचं झाकण हातात घेऊनच उठला. "मावशी, मी डब्यात भरून घेऊन जातो. जमिनीवर थेंब दाखवा."

"मग काय आभाळातून पडलं?"

"मला काय माहीत? पण वासाचं म्हणाल तर तुमच्या बाजूनेच येतोय. दोन दिवस खिडकी उघडवत नाही. आधी घरात बघा, मग दुसऱ्याला बोला."

मावशीला हे फार झोंबलं. जिने आयुष्यभर दुसऱ्यांचं धुतलं तिच्या घराला वास येतो म्हणे! चोराच्या उलट्या बोंबा, असं म्हणून ती पाय आपटत आत आली. दादा पेपर वाचत होता. त्याने मान हलवली. "त्याचंच काम आहे. ही रंगवाली माणसं अशीच. तू तक्रार कर." आणि उठून त्याने मागची खिडकी लावून घेतली.

दुसऱ्या दिवशी जनावरांची डॉक्टरीण आली. तरुण होती, पायांत रबरी बूट, बोलणं मोजकं. एक-एक कोंबडी मांडीवर घेऊन पापणी उचलून पाहिली, पाय ओढून पाहिले. मग म्हणाली, "मावशी, एक मेलीय ना? ती उघडून बघू या. चालेल?"

"उघडा. मी धरते."

कुंपणाजवळ जुन्या पत्र्यावर तांबडी उताणी ठेवली. डॉक्टरीणबाईने गळ्याखालची पिशवी, जिच्यात कोंबडी खाल्लेलं आधी साठवते ती, कापली. आतून करडा, चिकट लगदा ओघळला आणि त्याच्याबरोबर एक असा दर्प आला की डॉक्टरीणबाईने मान वळवून श्वास घेतला. लगद्यात दाणे होते. दाण्यांच्या मध्ये, तांदळासारखं पांढरं आणखी काहीतरी होतं. मावशी वाकली. तांदळाला डोकं नसतं. याला होतं, बारीक काळं. आणि त्यातलं एक अजून वळवळत होतं.

"अळ्या," मावशी म्हणाली.

"सडक्या मांसावरच्या. कोंबड्यांना त्या फार आवडतात. मांस सडताना त्यात विष तयार होतं, ते अळ्यांमध्ये उतरतं. अळ्यांना काही होत नाही, कोंबडीची मात्र मान जाते." डॉक्टरीणबाई हातमोजे काढत म्हणाली. "जवळपास काहीतरी मरून पडलंय, मावशी. उंदीर, मांजर, काहीही असेल. ते सापडेपर्यंत औषधाला अर्थ नाही. बाकीच्यांना आधी बंद करा आणि शोधा."

मावशीने उरलेल्या सात जणींना टोपल्यांखाली झाकलं आणि शोधायला लागली. खुराड्याखाली पाहिलं, लाकडांचा ढीग एका हाताने उपसला, गटाराची जाळी उचलली. काही नाही. मग ती न्हाणीघराच्या मागे गेली. त्या बाजूला गटार असल्यामुळे तिथे थोडा वास कायमच असायचा, आणि हात मोडल्यापासून ती तिकडे फिरकलीही नव्हती. फटीत तोंड घातलं आणि ती जागीच थबकली. सडल्याचा वास तर होताच, नाकात बोट घातल्यासारखा. पण त्यात आणखी एक वास मिसळला होता. डांबरगोळ्यांचा.

ती तिरकी होऊन आत शिरली. पिंपामागे पत्र्याखाली पिशवी होती. तिचीच, गाठ तिनेच मारलेली. खालून फुटली होती आणि फुटलेल्या जागेतून पांढरा ढीग जमिनीवर सांडून हलत होता, जणू भाताचं पातेलं उकळत होतं. आजूबाजूला कोंबड्यांच्या पायांनी उकरलेलं. ठिपकेवालीचे थोडे ठिपके अजून ओळखू येत होते. आणि पिशवीभोवती मूठभर डांबरगोळ्या.

म्हणजे विसरला नव्हता. वास आल्यावर तो इथे परत आला होता, गोळ्या टाकून गेला होता आणि वर येऊन खिडकी लावून बसला होता.

इस्पितळात मावशीने काय-काय पाहिलं नव्हतं! पाय सडलेले पाहिले होते, पाठीच्या जखमांत बोट बुडताना पाहिलं होतं. तिला कधी उलटी आली नव्हती. आता मात्र तिने भिंतीकडे तोंड फिरवलं. त्या अळ्यांमुळे नव्हे. तिला तिची आणि दादाची आई आठवली. आईच्या शेवटच्या आजारात रात्रपाळीला जाताना मावशी दादाला सांगून जायची, आईची चादर बदल. सकाळी तो म्हणायचा, बदलली. वरून चादर स्वच्छच दिसायची. एके दिवशी तिने आईला कुशीवर वळवलं तेव्हा कळलं, दादा चादर बदलत नव्हता, उलटी करून घालत होता. आई रात्रभर त्या ओल्या घाणीवर, फक्त दुसऱ्या बाजूने, पडून असायची. तेव्हाही तो म्हणाला होता, "अगं, मला ते बघवत नाही."

ती आत आली तेव्हा दादा नखं कापत होता.

"दादा, कोंबडी कुठे पुरलीस?"

"सांगितलं ना, कोपऱ्यात."

"चल, दाखव."

तो उठला नाही. नेलकटर मिटलं, उघडलं. मग म्हणाला, "अगं, जमीन कडक होती. म्हटलं, आपोआप माती होईल."

"आणि गोळ्या?"

"वास येत होता. तुला त्रास नको म्हणून..."

"माझ्या कोंबड्या मरत होत्या आणि तू रंगाऱ्याकडे बोट दाखवलंस!"

"एका कोंबडीपायी सख्ख्या भावाला असं बोलतेस?"

मावशीने त्याच्या हातात फावडं दिलं. तो न्हाणीघरापर्यंत गेला. रुमाल नाकाला लावून त्याने फटीत एकदा डोकावलं आणि तिथेच, आपल्या इस्त्रीच्या सदऱ्यावर भडभडून ओकला. मग फावडं भिंतीला टेकवून, तिच्याकडे न बघता घरात जाऊन पडला. सदरा तसाच बादलीत टाकून गेला. धुवायला.

मावशी भिंतीपाशी गेली. "अरे," ती रंगाऱ्याला म्हणाली, "तुला उगाच बोलले. घाण माझ्याच घरातली होती."

रंगाऱ्याने तिच्या प्लास्टरकडे पाहिलं. मग तोंडाला फडकं बांधून कुंपण ओलांडून आला. दोघांनी मिळून सगळं, वरच्या मातीसकट, खरवडून काढलं. डॉक्टरीणबाईने सांगितल्याप्रमाणे खड्ड्यात जाळलं आणि वर चुना टाकला. सुटलेल्या अळ्या मावशीने उकळत्या पाण्याने मारल्या. काम झाल्यावर रंगारी एवढंच म्हणाला, "मावशी, फावडं पण विस्तवावर धरा." आणि हात धुऊन गेला.

नंतरचे दिवस मावशी एका हाताने कोंबडीची मान सावरून, चोचीत थेंब-थेंब पाणी सोडत बसायची. सातांपैकी तिघी गेल्या. चौघींनी हळूहळू मान उचलली.

दादा घरात होताच. एकदा तिचा हात दुखतो म्हणून त्याने स्वतः चहा केला. कप स्वच्छ होता, चहा बरा दिसत होता. मावशीने कप ओठांपर्यंत नेला आणि खाली ठेवला. त्याच्या हातचं तिला गिळवेना. तिने बेसिनमध्ये तो ओतला आणि भाच्याला, म्हणजे दादाच्या मुलाला, फोन लावला.

"बापाला घेऊन जा," ती म्हणाली. "घाण लपवतो तो. कोंबड्या मारल्या माझ्या."



"आत्या," भाचा हळूच म्हणाला, "आम्हाला ते नवीन नाही. आमच्या आईच्या आजारपणात आम्ही सगळं बघितलं. म्हणूनच तर तुझ्याकडे पाठवलं. म्हटलं, तुला या सगळ्याची सवय आहे."

मावशीने फोन कानापासून दूर धरला, जणू त्यातूनच काहीतरी ओघळत होतं. मग परत कानाला लावला.

"उद्या ये," ती म्हणाली. "नाहीतर मी रिक्षात घालून तुझ्या दारात सोडून जाते."

भाचा आला, पण आत आला नाही, गाडीतच बसून राहिला. दादा दोन बॅगा घेऊन निघाला. दारात थांबून त्याने विचारलं, मध्येमध्ये अंडी पाठवशील ना?  तो गेल्यावर तिने त्याची गादी उन्हात ओढली. उलटून पाहिली, दोन्ही बाजूंनी.