भवनाच्या दारातली मेढ

नागभीडकडच्या त्या गावात ढिवर समाजाचं भवन बांधायला निघालं, तेव्हा झिंगूने तळ्यावरचं जाळं बाजूला ठेवून विटा वाहिल्या आणि त्याच्या बायकोने, गोकुळाने, रेती. समाजाने त्याची कदर केली. झिंगूला चावी दिली.

आधी भवनात शाळेचे वर्ग भरले, कारण शाळेचं छत गळत होतं. मग कोरोनात परगावाहून परतलेले लोक तिथे कोंडले. मग सरकारी खरेदीचं धान आलं, आणि त्याला जागा मानवली. दारावर दुसरं, सरकारी कुलूप चढलं. झिंगू रोज ओसरी झाडायचा आणि आपलं कुलूप पुसायचा. समाजाचं एकही लग्न तिथे लागलं नव्हतं, एवढं सोडलं तर भवन फार उपयोगाचं होतं.

गोकुळा डोळे मिटताना एकच बोलली होती, "आपल्या रंजीताचं लगन तरी समाजाच्या हालातच लावजा."

रंजीताचं जमलं. समाजाचे अध्यक्ष नथ्थूभाऊ छातीवर हात ठेवून म्हणाले, "लगनाच्या आंधी हाल खाली. माहा शबद हाये."

झिंगूने शब्द खरा मानला. मांडवाची पहिली मेढ, उंबराची फांदी, मुलीच्या दारात रोवायची रीत. लग्न भवनात, म्हणजे दार भवनाचं. त्याने हळदकुंकू वाहून मेढ बरोबर दारासमोर रोवली आणि भोवती मांडव घातला, वर जांभळीचा पाला.

लग्नाच्या आदल्या दिवशी धान न्यायला ट्रक खरंच आला.

"मामा, हे लाकूड काढा, गाडी दाराले लावतो," ड्रायव्हर म्हणाला.

"लाकूड नोहे, मेढ हाये. लगन झाल्याबगर हालवत नाई."

"मंग पोते का उडवत नेऊ?"

हमालांनी मांडवाला वळसा घालून पोती वाहायला साफ नकार दिला. शेजारची शकुबाई कपाळावर हात मारत म्हणाली, "झिंगूभाऊ, दारातच काऊन रोवली रे? बाजूले जागा नोहती?"

"लेकीचं दार बाजूले रायते का?"

मेढ उपटायला नथ्थूभाऊही धजले नाहीत. ट्रक रिकामा परत गेला.

लग्न बाहेर लागलं, मांडवातच, बंद दाराकडे पाठ करून. निघताना रंजीता बापाच्या गळ्यात पडून म्हणाली, "बाबा, फोटोत हाल आला ना मांगं. आईले तेवढं पुरे." चावी झिंगूच्या करगोट्याला होती.

पाचव्या दिवशी त्याने मेढ काढली. दारासमोर आता दोन ट्रक मावतील एवढी जागा झाली. एकही आला नाही.

पावसाळ्यात दाराच्या फटीखालून धानाचे कोंब बाहेर आले. झिंगू अजून रोज ओसरी झाडतो. त्या कोंबांपाशी पोचला की खराटा जरा उचलून धरतो.