पोरीचं रक्त मुंबईला गेलं

माझ्या पोरीला गोठ्यात कोंडलं, त्याच दिवशी मी थोरल्या जावेचा सूड घ्यायचं ठरवलं. सत्तर सालानंतरची गोष्ट. साताऱ्याकडच्या एका उसाच्या गावात आम्ही एकत्र राहत होतो. नवरा फौजेत, घर जावेच्या हातात.

पोरगी सहा वर्षांची होईपर्यंत सारखी बडबडायची. मग हळूहळू तिची वाढच थांबली. तोंड सुजल्यासारखं, आवाज घोगरा, कातडी खरखरीत. भर उन्हाळ्यात गोधडी मागायची, शाळेत झोपायची. "येडी हाय ती," म्हणून जावेनं तिची शाळा बंद केली. जावेच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा मी चुलीपुढं होते. ते गेल्यावर पोरगी कुठं दिसेना. गोठ्याला बाहेरून कडी होती. आत गव्हाणीला टेकून, अंग चोरून झोपली होती.

"आवं अक्का, लेकरू हाय ते!"

"मग पाहुण्यांम्होरं बसवू व्हय तिला? माझ्या पोरीचं लगीन मोडायचं हाय काय तुला?"

सकाळी कुणालाही न विचारता पोरीला घेऊन मी एसटीनं सांगलीला भावाकडं गेले. तिथल्या डॉक्टरांनी तिचा गळा चाचपला, नाडी बघितली.

"बाई, मुलगी वेडी नाही. मला थायरॉइडची शंका येतेय. रक्त तपासू, पण ते मुंबईला पाठवावं लागेल."

सुई टोचली तरी पोरगी रडली नाही, नुसती बघत राहिली. मला मात्र त्या नळीतल्या रक्तापलीकडं जावेचं तोंड दिसत होतं.

निकाल आला. गळ्यातली ग्रंथी जवळजवळ बंद पडली होती. रोज एक गोळी, आणि मधूनमधून पुन्हा रक्त तपासायचं, एवढाच उपाय. काही महिन्यांत सूज उतरली. एक दिवस ती मामाच्या पोरांशी कडाकडा भांडली आणि मी ऐकत उभी राहिले. गावी परतले ते वेगळी चूल मांडायलाच.

पुढच्या वर्षी जावेचा धाकटा मुलगा मलूल पडू लागला. ती माझ्या दारात आली. सोप्यात पोरगी आणि शेजारणी शेंगा फोडत बसल्या होत्या.

"कुठला गं त्यो डाक्टर? माझ्या पोराचं बी रगात बघाय पायजे."

"सांगते की. आदी हिच्याकडं बघून म्हणा, ही येडी न्हाई."

मी हलले नाही. शेवटी जाऊ पुटपुटली, "न्हाईस बाई तू येडी."

पोरगी म्हणाली, "थोरल्या आई, गोठ्यात मला डास लय चावलं."

शेंगा फोडायच्या थांबल्या. 'जाऊ दे' असं मी म्हटलं नाही. पत्ता दिला.

मुलाचं रक्त मुंबईला गेलं. जाऊ रोज विचारायला यायची, "कवा कळंल गं?" मी "कळंल" म्हणायचे आणि भाकरी थापत राहायचे. ते दिवस मला गोड लागले, खोटं कशाला बोलू!

रक्तात काही निघालं नाही. पोटात जंत होते. औषधानं पोरगा महिन्याभरात हुंदडायला लागला. माझी पोरगी मात्र तिच्याहून लहान मुलांच्या वर्गात बसत होती.

जावेनं पेढे पाठवले. मी ते तसेच परत पाठवले.